लाल तेल

थंडी पडली की पहिला येतो फत्तेलाल,
गजकेच्या कारखान्यातला.
तळहात पुढे करतो, बोलत नाही.
गरम गूळ खुंटीवर ओढून ओढून
रेषा पुसल्यात, भेगा तेवढ्या उरल्यात,
आणि भेगांत तीळ. खरोखरचे तीळ.
मी चिमट्याने एकेक काढते.
मग म्हणतो, "जिज्जी, वो लाल वाला."

लाल वाला म्हणजे वडिलांचं तेल.
वडिलांचं तरी कसं म्हणू,
मुरारच्या अराक्सीबाईंचं.
बाई आर्मेनियन, घराण्यातल्या शेवटच्या.
पणजोबा तोफा ओतायला आले होते म्हणे.
बाईंच्या वाट्याला आली एक वही,
तांब्याची बुधली आणि न भरणारा घोटा.

वडील कंपाउंडर. सायकलवरून जायचे,
घोटा बांधून यायचे.
पैसे नव्हते त्या महिन्यात बाईंनी वही उघडली.
अक्षरं घोड्याच्या नालांसारखी,
काही उलटे नाल, काही सुलटे,
वडिलांना एक लागेना.
तेव्हा बाईच वाचत गेल्या हिंदुस्तानीत:
पीला फूल. मीठा तेल. काँच की शीशी.
चालीस दिन धूप.
और फिर देखना कंपाउंडर साहब,
पीला फूल तेल को लाल कर देगा.

फुलाचं नाव आरेव्कुरिक.
सूर्याची धाकटी बहीण.

ती बहीण ग्वाल्हेरला कशी नांदायची?
इथला सूर्य एकुलता एक, आणि तसाच वाढलेला.
वडिलांनी झेंडू घातला,
देवळापुढचा, निर्माल्यातून निवडलेला.
मे महिन्यात नवव्या दिवशी
गच्चीवर शीशी तडकली.
दुसरी टिकली. तेल पिवळंच राहिलं.
भाजल्याची आग थांबायची त्याने, खाज बसायची,
पण लष्करात तोवर बोभाटा झाला होता,
गिऱ्हाईक शीशी उजेडात धरायचं:
लाल कुठंय?

मग एका वर्षी तेल लाल झालं.
मी सात वर्षांची. मला वाटलं,
आली एकदाची माहेराला.

बाई दर रविवारी एक शीशी न्यायच्या.
खिडकीपाशी उभ्या राहून तिरपी करायच्या,
बराच वेळ.
मग बटव्यातून मोजून आठ आणे.

वही आमच्याकडे आली त्या गेल्यावर.
त्यांच्या नालांच्या खाली, त्याच पानावर,
वडिलांची मोडी. तीही मला परकीच.
एका पानावर दोन कुलपं,
एकाची किल्ली कुठल्या देशात कोण जाणे,
दुसरीसाठी मी साठीला येऊन
जिवाजीगंजात फाळके मास्तरांच्या ओसरीवर बसले,
पोरासारखी, काना वेलांटीला चाचपडत.
तीन ओळी लागल्या आठवडाभरात.

"झेंडू पाव शेर.
रतनजोत दोन तोळे, रंगास.
बाईंस ठाऊक आहे."

ठाऊक आहे. म्हणजे त्यांनी सांगितलं,
की तिरप्या शीशीत त्यांनी ओळखलं,
की हसल्या असतील दोघं, दार लोटून?
तेवढं मोडीत नाही.

गेल्या वर्षी भाच्याने हिमाचलातून पाठवली
खरी फुलं, वाळलेली, वर्तमानपत्रात.
सूर्याची बहीण, सुकून चहाच्या पत्तीएवढी झालेली.
मी गच्चीवर छत्री बांधली, तिला ऊन सोसावं म्हणून,
चाळीस दिवस राखण केली माकडांपासून.
तेल झालं लाल. खरंच झालं.
पण गढूळ, पहिल्या पाण्यातल्या पालकासारखं,
खाली तळाशी तांबडी साय.

यंदा फत्तेलालला तेच दिलं, मुद्दाम.
त्याने हुंगलं. उजेडात धरलं.
माझ्याकडे बघितलं, फसवलेल्या माणसासारखं:
"जिज्जी, ये नकली है."

काय बोलणार.
फळीवरून वडिलांच्या पाठाचं काढलं,
रतनजोतीचं, लालभडक.
त्याने तिथंच बाकावर बसून चोळलं,
बोटांच्या बेचक्यांत, मनगटापर्यंत, डोळे मिटून.
पैसे देऊन उठला
आणि जाताना दाराच्या कडीला
लाल आंगठा लावून गेला.