एकोणतीस पॉइंट चार

डबा दीड काड्यापेटीएवढा, आकडे लाल.
हिवराजनं नागपूरहून आणला तीनशे ऐंशीला
आणि मी लावला
बंद पडलेल्या पानठेल्याच्या फ्रिजला,
ज्याच्या दारावर कोल्ड्रिंकचं अर्धं स्टिकर अजून हसतंय.
आत वीस लिटरचा ड्रम. मोहफूल, गूळ, पाणी,
आणि झाकणातून आत सोडलेली
सेन्सरची काळी शेपटी.

अठ्ठावीसवर ठेव म्हटलं की अठ्ठावीसवर ठेवायचं.
एवढंच काम.
खोक्यावर छापलंय, चूक झाली तर एक अंशाची.
छापणाऱ्यानं साकोलीच्या पुढचा मे महिना
पाहिला नसावा.

पहिल्या आठवड्यात लाईन सतरा वेळा गेली.
मी भिंतीवर कोळशानं रेघा ओढत होतो.
दर वेळी परत आली की डबा
आपलं सगळं विसरून
कारखान्यात शिकवलेला एकच आकडा म्हणायचा : दहा.
दहा!
ड्रमातलं मोह पूस महिन्यातल्या कुत्र्यासारखं
अंग मुडपून गप्प.

मग रात्रभर टक्, टक्, टक्.
बायको म्हणाली, "घड्याळ आणलं का पाल पोसली?"
मी म्हटलं, रिले आहे.
"मंग त्याले झोपव."

आणि एक दिवस तो शहाणा झाला.
एकोणतीस पॉइंट चार.
सकाळी एकोणतीस पॉइंट चार,
दुपारी पत्रा तापून चिमण्या अंगण सोडून गेल्या
तेव्हाही एकोणतीस पॉइंट चार.
तीस वर्षं वायरमनकी केलेल्या माणसाला
हे कळायला हवं होतं,
पण मला तर अभिमान वाटत होता.
हिवराजला फोन करून सांगितलंसुद्धा.

चौथ्या दिवशी झाकण उघडलं
तर पिकून फुटलेल्या केळ्यांचा वास,
त्याच्यामागे नखाला लावायच्या रंगाचा.
भागरता पंधरे कुंपणापलीकडून आली,
ड्रमाच्या पोटावर तळहात ठेवला,
लगेच उचलला.
"जळलं जी. तुमचा डबा खोटं बोलते."

पुढच्या खेपेला डबा काढून ठेवला.
तिलाच बोलावलं रोज सांजेला.
आईच्या आईपासून हातानं चालत आलेलं,
त्याला ना सेल लागतो ना लाईन.
सहा दिवस बरोबर.
सातव्या दिवशी म्हणाली, "थंड पडलं. गोधडी टाका."
मी दोन टाकल्या.

रात्री तिच्या पोरानं मोटरसायकल मागितली.
दवाखान्यात नर्सनं काखेत काच घातली :
एकशे तीन.
एवढ्या तापल्या हाताला
कोणता ड्रम गरम लागणार?
ती खेपही गेली. तिला सांगितलं नाही,
पण वास कुंपण ओलांडून गेलाच असणार.

त्या पंधरवड्यात मी डबा खोलला.
पाहायचं होतं कुठं खोटं सुरू होतं.
सेन्सरच्या टोकात ओल शिरली होती,
म्हणून तो आकडा थिजला.
आणि रिलेच्या दोन पत्र्यांच्या मधे
एक लाल मुंगी,
भाजून बाजरीच्या दाण्याएवढी काळी.
गोडाच्या वासानं आली असेल
आणि नेमकी तिथं थांबली
जिथून करंट जातो.
पिनेनं तिला काढली. फेकवेना.
बटणांच्या डबीत ठेवली आहे.

आता फ्रिजभोवती मुंग्यांचा खडू ओढलाय,
नवा सेन्सर मेणात बुडवलाय,
आणि काचेचा साधा थर्मामीटर
दोरीनं ड्रमात सोडलाय, डब्यावर नजर ठेवायला.
काचेवर कोण नजर ठेवतो, विचारू नका.

काल भागरता आली. बारीक झालीय.
ड्रमाजवळ उभी राहिली
आणि आधी उलटा हात
स्वतःच्या कपाळाला लावला,
थोडा वेळ तसाच ठेवला,
मग ड्रमाला.
"किती दाखवते तुमचा?"
मी वाकून पाहिलं,
तेवढ्यात लाईन गेली.