माप

उदगिरात, चौबाऱ्यामागच्या बोळात
शब्बीरमिया दस्तेवाले टेपनं नाही, वितीनं मोजत.
दुनळीचं बूड माझ्या कोपरात टेकवून
बोट चापापर्यंत पोचतं का पाहिलं, हसले.
"बेटा, ये तो तेरे बाप के नाप की है."

सात हिवाळे तेच चाललं होतं.
उचलताना बूड सदऱ्यात अडकायचं,
गालफडावर निळा डाग,
तोवर तितर तूर ओलांडून गेलेलं.
मी म्हणायचो, आबांची बंदूकच लांब.

मियांनी करवत लावली.
बोटभर शिसव भुशासकट खाली पडलं.
गालाखालचं लाकूड काचेनं तासलं,
तीन दिवस जवसाचं तेल पाजलं.
"आँख मीच. उठा. अब खोल."

समोर भिंतीवर पाल,
आणि नळीवरची माशी
बरोबर तिच्या तोंडापाशी.
जिथं बघत होतो, तिथंच.
जणू नजरेलाच कुणी दस्ता बसवलेला.

पैसे मोजून झाल्यावर
तो तुकडाही त्यांनी हातावर ठेवला.
"ले जा. तेरे बाप का है."

दुसऱ्या दिवशी हाळीच्या शिवारात
करडईतून तितर फर्रकन उठलं.
बंदूक खांद्याला कधी आली, कळलंच नाही.
दोन्ही बार गेले.
तितर ओढ्यापल्याड उतरलं,
वर ओरडलंसुद्धा, चांगलं खणखणीत.

काडतुसांचा वास. खिशात बोटभर शिसव.
घरी जाऊन
आता काय सांगू?