उजेडाचं टेबल

ग्रिम्सबीच्या मासळी कारखान्यात हिल्डा ऑजर्बीने
एकतीस वर्षं कॉडचे तुकडे उजेडावर धरले.
खालून दिवा लागलेलं काचेचं टेबल,
वर पांढरंशुभ्र मांस,
आणि मांसात, कुणी जपून गुंडाळून ठेवल्यासारखी,
तपकिरी अळी.
चिमटा. डबा. पुढचा तुकडा.
ज्याच्यावर वरून एकही डाग नाही
त्यालाच जास्त वेळ द्यायचा,
एवढंच ती नव्या पोरींना शिकवायची.

आता ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे
आणि मंगळवारी टपालाने तिच्याकडे समुद्र आला.
निळाशार. माडाची दोन झाडं.
अभिनंदन, श्रीमती ऑजर्बी!
लाखांतून निवडलेला तुमचा एकमेव क्रमांक.
आठ दिवस, सात रात्री, दोघांसाठी,
फुकट.
हा शब्द अंगठ्याएवढा,
बाकीचे मुंगीच्या पायाएवढे.

तिने चहा बाजूला सारला,
कागद स्वयंपाकघराच्या काचेवर दाबून धरला
आणि जुन्या सवयीने डाव्या कडेपासून सुरुवात केली.
बक्षीस मागायला फोन, मिनिटाला दीड पौंड.
फोन किती लांबेल ते लिहिलेलं नाही.
नोंदणी शुल्क. विमानतळाचा अधिभार.
खोली फुकट, खोलीपर्यंतचं विमान तुमचं.
जेवण तुमचं.
जायचं नोव्हेंबरात.
तिथे एका सकाळी ‘छोटीशी भेट’,
नव्वद मिनिटं, सही करायला पेन त्यांचं.
विजेच्या बिलामागे तिने बेरीज मांडली.
सहाशे अकरा.
चार आण्यांची कोंबडी नि बारा आण्यांचा मसाला म्हणावं,
तर इथे कोंबडीचं नुसतं चित्र.

तेवढ्यात मागच्या दाराने सिरिल टॉयन आला,
शेजारचा, चार वर्षांपासून एकटा.
डोक्यावर नवी गवती हॅट,
कानामागे किमतीची चिठ्ठी अजून लोंबतेय.
‘हिल्डा, मला लागलंय,’ तो म्हणाला,
आणि खिशातून तोच समुद्र काढला.

फोन केलास?
केला.
किती वेळ?
सव्वीस मिनिटं. बाई फार गोड बोलत होती गं.
मग पुढे काय म्हणाली?
म्हणाली, उद्या परत करा.

ती काही बोलली नाही.
त्याचं पत्र आपल्या पत्रावर ठेवलं,
दोन्ही मिळून खिडकीला लावली.
माड माडावर बसला.
अभिनंदन अभिनंदनावर.
लाखांतला एकमेव क्रमांक
दुसऱ्या एकमेव क्रमांकावर, आकड्याला आकडा.
फक्त नावं एकमेकांत अडकून
काहीच वाचता येईना.

सिरिल काचेकडे बघत राहिला.
मग हॅट काढून टेबलावर ठेवली, उलटी.
‘एकोणचाळीस पौंड,’ तो म्हणाला,
बेरीज त्याने तिच्याआधी केली.

पण हिल्डाची नजर खाली सरकली होती.
त्याच्या अर्जावर, तळाशी,
‘सोबतच्या व्यक्तीचे नाव’ या रेघेवर
पेन्सिलीने काहीतरी लिहून खोडलेलं.
नुसत्या डोळ्यांना कोरा कागद.
उजेडावर मात्र एच. मग आय. एल.
पुढे रबराने कागदच झिजलेला.

चिमटा. डबा.
हात उचलला गेला नाही.

तिने पत्रं खाली घेतली,
घडी घातली, त्याची घडी वेगळी ठेवली.
‘आपला बसचा पास,’ ती म्हणाली,
‘साडेनऊनंतर फुकट.
साडेनऊच्या आधी नाही. अट तेवढी एक,
ती मोठ्या अक्षरांत थांब्यावरच लिहिलीय.
क्लीथॉर्प्सला समुद्र आहे.
चिप्सचे पैसे ज्याचे त्याने.’

सिरिलने घड्याळ पाहिलं. नऊ पंचवीस.
तिने कात्री घेतली
आणि त्याच्या हॅटची चिठ्ठी कापून टाकली.

ओहोटी होती.
पाणी मैलभर आत गेलेलं,
समोर नुसता करडा चिखल, पायऱ्यांवर वारा,
आणि सीगल त्यांच्या चिप्सकडे रोखून बघणारा.
निळ्या रंगाबद्दल
त्यांना कुणी काही कबूल केलं नव्हतं.