साठावरून दहावर

हेरंबने गाडीला चारशे घोडे जुंपले
आणि स्वतः कॅनडाला निघून गेला.
ब्रेक कंपनीचेच राहिले,
दीडशे घोड्यांच्या मापाचे.
म्हणायचा, पळवणं ही कला आहे, ताई.
थांबायचं काय, ते कोणालाही येतं.

तीन वर्षं गाडी माहीमला, आमच्या सोसायटीत,
राखाडी कव्हराखाली.
बॉनेटवर मांजर दोनदा व्यायली,
वॉचमनने दोन्ही वेळा पेढे मागितले.

दारूखान्यात बशीर मुकादमांचं गॅरेज.
दाराशी मोडलेल्या जहाजांचे नांगर,
गंजलेले, एकावर एक.
"हे बघा, जुने ब्रेक," म्हणाले. हसले नाहीत.
टायरवर नख रोवून पाहिलं. रुतलं नाही.
नक्षी तर शाबूत होती,
पण कडेचे चार आकडे त्यांनी वाचून दाखवले:
अडतिसावा आठवडा, सोळा साल.
"रबर उभ्या उभ्या म्हातारं होतं, बाई,
तोंडावर दिसत नाही, एवढंच."
मी पदर सारखा केला उगाच.

मग तेल उपसलं ब्रेकचं, बाटलीत.
तळाशी राहिलेल्या चहासारखं काळपट.
"हे हवा पितं मुंबईची.
झाकण घट्ट असलं तरी दमट आत शिरतोच.
आणि एके दिवशी खंडाळ्याच्या उतारावर
ते पाणी उकळतं,
पाय खाली जातो, जातच राहतो,
अंधारात जिन्याला एक पायरी कमी निघावी तसा."

सहा पिस्टनचे कॅलिपर.
परातीएवढ्या डिस्क.
स्टीलच्या जाळीचे पाइप.
सतराची चाकं त्यावर बसेनात, अठराची घेतली;
एकोणीस नकोच म्हणाले,
पेव्हर ब्लॉकवर दर आठवड्याला रिम वाकवाल.
कॅलिपर लाल रंगवू का, पोऱ्याने विचारलं.
नको. काळेच असू देत.
(बिल बघून हेरंबला शिव्या घातल्या. मनात, आईच्या भाषेत.)

निघताना मुकादमांनी ग्रीसचा तळवा पुढे धरला:
"इंजिन चाक फिरवतं. ब्रेक चाक धरतो.
गाडीला धरतो तो टायर,
आणि तो रस्त्याला टेकतो एवढाच.
असे चार तळवे. बाकी सगळ्या गप्पा.

आणि ऐका, नवे पॅड लगेच धरत नाहीत, शिकवावे लागतात.
साठावर न्या, दाबा, दहावर आणा, सोडा.
असं दहा वेळा. वास येईल, घाबरू नका.
फक्त पूर्ण थांबू नका मध्येच.
तापलेला पॅड थांबला तिथे चिकटतो,
डिस्कवर डाग पडतो,
मग तो डाग दर खेपेला पायाला लागतो."

रविवारी पहाटे पावणेपाच, हाजी बंदर रोड.
कडेला लॉऱ्या झोपलेल्या,
एका क्लीनरचा पाय केबिनमधून बाहेर.
साठ. दहा.
साठ. दहा.
चौथ्याला वास आला, शाळेच्या प्रयोगशाळेसारखा.
सहाव्याला पट्टा खांद्यात रुतला
आणि मला कळलं, मी मोठ्याने आकडे मोजतेय.
सातव्याला
एक पिवळा कुत्रा रस्त्याच्या मधोमध येऊन बसला
आणि बसल्या बसल्या मान खाजवू लागला.

साठ.

दहा नाही.

इंजिन चालू, हात गार.
कुत्र्याने उठायची तसदी घेतली नाही.
उतरून मोजलं: बंपरपासून त्याच्यापर्यंत
माझी अडीच पावलं.

संध्याकाळी हेरंबचा फोन. किती गेली?
साठ, म्हटलं.
तो हसला. फक्त?
मग बराच वेळ तिकडच्या बर्फाबद्दल बोलत राहिला.

आता माहीम कॉजवेच्या सिग्नलला वेग उतरताना
पायाखाली बारीक थरथर लागते,
चाकाच्या दर फेऱ्याला एकदा.
मुकादम म्हणतात, आणा, डिस्क घासून देतो,
तासाभराचं काम.
जाईन कधीतरी.