सतरा नंबरचं शून्य

रुवैसला ऑगस्टात पहाटे पाचलाच
हेल्मेटच्या पट्ट्यात घाम साचतो.
परमिटवर सही, छातीला रेडिओ,
एका हातात पान्ह्यांची पिशवी, दुसऱ्यात
तांब्याएवढा सिलिंडर:
पंचवीस पीपीएम, मोजून दिलेलं विष.

आमचं काम सांगायला सोपं.
खांबाखांबावर एकेक नाक बसवलंय,
तोंड जमिनीकडे, कारण हा वायू जड, खाली सरपटतो.
आत आम्लाचे चार थेंब.
आयुष्य दोन वर्षं, इथल्या उन्हात त्याहून कमी.
टोपी लावायची, थोडं विष हुंगवायचं.
आकडा चढला तर जिवंत.

लोक म्हणतात, वास आपल्यालाही येतो की,
सडक्या अंड्याचा, मशीन कशाला?
येतो. थोडा असेल तोवर येतो.
जास्त झाला की आधी नाक मरतं,
माणूस मागाहून.
मधल्या वेळात त्याला वाटतं,
गेला वाटतं वास.

केळशीला माझ्या आईला
शेजारचा भात लागलेला ओटीवरून कळायचा.
"सकीना, टोप उतर गं!"
शेवटच्या वर्षी स्वतःच्या चुलीवरचा करप कळेना.
बशीर फोनवर म्हणायचा, बरी आहे.
दर शुक्रवारी, बरी आहे.

सतरा नंबर गंधकाच्या खड्ड्यामागे.
साडेदहापर्यंत तिथे सावली असते,
म्हणून टेकबहादूर डबा तिथेच उघडतो.
पडद्यावर शून्य. हिरवं, सुबक.
कंट्रोल रूममधून बिनॉय म्हणाला, बायपास केलंय, लाव.
टोपी लावली, झडप उघडली.
शून्य.
नळी पाहिली. सिलिंडरची तारीख पाहिली.
शेजारच्या अठराला तोच घोट दिला,
तो बारा सेकंदांत बोंबलला.
परत सतरा. दीड मिनिट.
शून्य.

उघडला तर आत सगळं सुकलेलं.
कधीपासून, ते कोण सांगणार?
मेलेला नोंद ठेवत नाही,
आणि मेल्याचं शून्य न् चांगल्या हवेचं शून्य
दिसायला सख्खी भावंडं.

जुन्या स्टिकरवर फेब्रुवारी.
"तपासले, ठीक." अक्षर माझंच.
तेव्हा आकडा खरंच चढला होता,
की धुळीचं वादळ येतंय म्हणून मी घाईत...
आठवत नाही. खूप प्रयत्न केला.

काही झालं नाही, हेही सांगायला हवं.
सहा महिन्यांत काहीच झालं नाही.
टेकबहादूर रोज दालभात खाऊन
त्या खांबाला पाठ टेकून दहा मिनिटं झोपला
आणि उठला.
रोज उठला.
त्याला एवढंच म्हटलं, उद्यापासून दुसरीकडे बस,
इथे पाण्याचा पाइप गळतो.
त्याने कोरड्या जमिनीकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि डबा उचलला.

नवा सेल बसवला.
नव्याला आधी काही सुचत नाही:
एक, उणे दोन, चार,
मग हळूहळू शून्यावर येऊन निजतो.
विष दिलं. नऊ. सतरा. बावीस. चोवीस.
लाल दिवा फिरायला लागला.
रेडिओवर बिनॉय ओरडला, बास, पोचलं!
मी आणखी थोडा वेळ टोपी काढली नाही.

स्टिकरवर या वेळी "ठीक" लिहिलं नाही.
पंचवीसला चोवीस, अठरा सेकंद,
एवढंच, आणि सही.

रात्री कॅम्पातून फोन लावला.
शमशाद म्हणाली, जेवलात? सगळं ठीक ना?
तोंडात उत्तर तयारच होतं, अकरा वर्षांचं.
म्हटलं, उजव्या कुशीत दुखतंय.
जून महिन्यापासून.
पायऱ्या चढताना जास्त.

पलीकडे पंख्याचा आवाज येत राहिला.
मग ती म्हणाली, थांबा,
आधी दार लावून येते.