दस्त्याचा इंच

हालब्योर्न आधी बंदूक दाखवत नाही.
विचारतो, मारायचं काय?
मिंक, ती म्हणते. आयडर बदकांच्या घरट्यांत शिरतो,
पिसं ठेवतो, अंडी नेतो.
किती लांबून?
दगडी बांधापासून पाण्यापर्यंत.
चाळीस पावलं. माझी.

मग भिंतीवरून एकेक उतरते:
बारा बोअरची, गाढवासारखी लाथ मारणारी;
वीसची हलकी, पण किंमत ऐकून थोर्दिस
खिडकीतून हुसाविकचं बंदर बघत राहते.
"आणि त्यात काय?"
तिच्या काखेतल्या लोकरीच्या गुंडाळीकडे त्याचं बोट.

नवऱ्याची दुनळी. तीन हिवाळे कपाटात.
ती खांद्याला लावू जाते,
दस्ता स्वेटरमध्ये अडकतो,
बोट चापाशी जेमतेम पोचतं.
"त्याचे हात लांब होते."
"बंदूक चांगली आहे. माप तेवढं दुसऱ्याचं."

करवत. अक्रोडाचा वास.
पुन्हा खांदा, पुन्हा गाल,
आणि नळीच्या टोकाचा पितळी मणी
न शोधता डोळ्यासमोर.

पैसे मोजून झाल्यावर ती
तो कापलेला तुकडा मागते.
हालब्योर्न ओशाळून शेगडीकडे बघतो.

ती हातमोजे काढते,
शेगडीपुढे उभी राहते जराशी.