हातचा

अर्जात एक रकाना असतो : 'अपेक्षित निष्पत्ती, आकड्यांत.'
मी भरते : पायवाट सव्वासहा मैल.
दगडी पायऱ्या एकशे चाळीस.
तरुण सात.

अठरा वर्षं भरतेय. सिल्व्हर सिटीच्या पत्र्याच्या ऑफिसात
पंखा कागद उडवण्यापुरताच फिरतो.
हीलाचं जंगल मी पाहिलं ते पावत्यांतून :
हातमोजे चौदा जोड, कानशी, राजमा, मलमपट्टी,
आणि एका खेचराच्या नालांचं बिल,
ज्यावर कुणी पेन्सिलीनं लिहिलं होतं,
'हा मात्र रोज कामावर येतो.'

ऑगस्टात पत्र आलं. दोन ओळी.
उरलेला हप्ता पुढील आदेशापर्यंत थांबवला आहे.
वर रेडिओ लागेना, म्हणून मीच निघाले,
ऑफिसच्या बुटांत चार मैल चढ,
जळक्या पाइनच्या काळ्या खांबांमधून,
नुसतं टेकलं तरी हात कोळशाचा होतो.

आधी करवत ऐकू आली.
त्या रानात मोटर चालवायची नाही, कायदाच आहे.
म्हणून दोन मुठींची, सहा फुटी, जुनी करवत,
एका टोकाला मारिसेला, दुसऱ्याला डेल्बर्ट एत्सिट्टी,
आणि त्याचं एकच सांगणं :
"ओढ. ढकलू नको. ढकललंस की पातं वाकतं.
तुझं ओढून झालं की सोड."

मी पत्र वाचून दाखवलं.
मोठ्यानं वाचल्यावर ते आणखीच लहान झालं.
लीअँड्रोनं हेल्मेट काढून आत पाहिलं,
जणू उरलेला मजकूर तिथे असेल.
मारिसेला म्हणाली, "शुक्रवारपर्यंतचे आहेत ना?"
आहेत.
"मग आज गुरुवार." आणि पहार उचलली.

एकशे बारावी पायरी बसत नव्हती.
दगडाचं पोट फुगलेलं. चौघांनी तो तीनदा फिरवला,
रुसलेल्या म्हाताऱ्याला पाटावर बसवावं तसा,
चौथ्यांदा बसला.
मी त्यावर उभी राहिले. हलला नाही.

रात्री डोक्याला दिवा बांधून तासांची वही उघडली.
सहाशे चाळीस भरले की वनखात्यात अर्ज करता येतो
मोठ्या रांगेत न थांबता.
लीअँड्रो पाचशे चार. मारिसेला पाचशे एक्याऐंशी.
डेल्बर्ट सहाशे बावीस.
अठरा कमी.
पेन हातात होतं, बघणारं कुणी नव्हतं.
एक सेंट इकडचा तिकडे केला नाही मी आजवर,
पण त्या दोनाच्या वळणाकडे
जरा जास्तच वेळ पाहत राहिले.

तेवढ्यात ऐकलं : खर्र. मग काही नाही. खर्र.
डेल्बर्ट, ओंडक्यावर, करवत मांडीवर,
एकेका दाताला कानस लावत,
मधूनच पात्याला टिचकी मारून कान देत.
"हे रोज?"
"दोन दिवसांआड. जूनपासून."
"वहीत का नाही?"
तो हसला. "हे काम थोडंच आहे?
आजोबा मेंढ्यांच्या कात्र्या अशाच घासायचे, रात्री."

शाळेत बाई बेरीज शिकवताना ओरडायच्या :
हातचा विसरू नका.
तो ओळीत दिसत नाही,
डोक्यावर, बारीक, लिहून ठेवा.
मी लिहिला. सव्वीस रात्री, पाऊण-पाऊण तास,
साडेएकोणीस.
टोळीप्रमुख रोवीनाला झोपेतून उठवून सही घेतली.
नोकरी पुढे असेल की नसेल, ते पत्र लिहिणाऱ्यांना ठाऊक.

शुक्रवारी काम एकशे सतरावर थांबलं.
वर तेवीस पायऱ्यांचा उतार, मातीचाच.
मारिसेलाच्या वहीत मी दोनदा शोधलं.
हातचा काही निघाला नाही.

परतताना तिनं करवतीचं एक टोक माझ्या खांद्यावर दिलं.
पावलं जुळली नाहीत तर पातं नाचतं, म्हणाली.
पहिला मैलभर ते नाचत राहिलं.